सातबाऱ्यावरचे पिवळे प्रश्नचिन्ह

तिवसा परिसरात संत्र्याच्या बागा पुष्कळ. पीककर्जाची वेळ आली की घरोघर सातबाऱ्याची आठवण होते. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संगणकावर उतरवून घेता येतो. एका विद्यार्थ्याने तशी फाईल उघडून दाखविली. स्वाक्षरीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह! "सर, हा सातबारा खोटा आहे काय?"

विद्यार्थिमित्रहो, उत्तरापूर्वी थोडे गणित करू. डिजिटल स्वाक्षरी म्हणजे सहीचे चित्र नव्हे; ती एक संख्या असते. समजा, फाईलमध्ये 'क्षेत्र १.२१' एवढेच आहे. अंकांची बेरीज ४. हिला मजकुराची सारसंख्या म्हणू. सही करणाऱ्याजवळ ७ ही गुप्त किल्ली आहे. तो ४ चा सातवा घात काढतो, १६३८४. त्याला ३३ ने भागून बाकी उरते १६. हीच त्याची सही. तपासणाऱ्याला ३ आणि ३३ या उघड संख्या ठाऊक असतात. तो १६ चा घन करतो, ४०९६. ३३ ने भागून बाकी ४. जुळले! कोणी क्षेत्र १.८१ केले, तर बेरीज १० होईल. सहीतून मात्र ४ च निघेल.

चाणाक्ष वाचक विचारील, २.११ केले तर? बेरीज पुन्हा ४, लबाडी पचली! म्हणून प्रत्यक्षात 'एसएचए-२५६' सारखी रीत वापरतात. तीत एक टिंब बदलले तरी २५६ बिटांची सारसंख्या पार बदलते. शिवाय ३३ चे अवयव कोणीही सांगेल, आणि अवयव कळले की गुप्त ७ सापडतो. तेथे सहाशेहून अधिक अंकी संख्या घेतात. ही युक्ती रिव्हेस्ट, शामीर व एडलमन यांनी १९७७ साली शोधली.

आमच्या फाईलचे गणित जुळले होते. शंका वेगळीच होती: ही उघड किल्ली त्या महसूल अधिकाऱ्याचीच कशावरून? त्यासाठी प्रमाणपत्र असते. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार नेमलेला नियंत्रक प्रमाणन संस्थांना परवाना देतो आणि त्या संस्था व्यक्तीला प्रमाणपत्र देतात. नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र आमच्या संगणकाच्या विश्वासू यादीत नव्हते. ते नियंत्रकाच्या सरकारी संकेतस्थळावरून आणून बसविले, तेव्हा हिरवी खूण उमटली. पुष्कळजण फाईलमधल्याच प्रमाणपत्रावर 'विश्वास ठेवा' म्हणून मोकळे होतात. हे म्हणजे अनोळखी पाहुण्याची चौकशी त्या पाहुण्याकडेच करणे!

पण हिरवी खूण सांगते काय? सही कोणाची, आणि नंतर मजकूर बदलला की नाही, एवढेच. पिकाची नोंद मुळात चुकली असेल तरी खूण हिरवीच. संगणक-प्रणालींचेही तसेच. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या 'स्टक्सनेट' या घातक प्रणालीच्या काही भागांवर तैवानच्या दोन कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांनी सह्या केल्या होत्या. सह्या गणिताने अगदी बिनचूक होत्या.

आमच्या विद्यार्थ्याने मग सातबारा छापून घेतला. कागदावर आल्यावर मात्र सहीचे गणित तपासता येत नाही. तेथे खाली छापलेला पडताळणी क्रमांक महसूल खात्याच्या संकेतस्थळावर घालून पाहावा लागतो.