लाल कॉइल घेण्याआधी

अगं, त्या लाल कॉइलचा फोटो पाठवून "ताई, घेऊ का?" विचारलंस. घे की, पैसे तुझे आहेत. पण आधी ऐकून घे, मग ठरव.

तुझी लॉरा 1.8 टीएसआय, शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली. रिमॅप केल्यापासून टर्बो तिच्यात जास्त हवा कोंबतो, म्हणजेच बूस्ट वाढतो. गावात, डोंगरकड्याच्या चौकात ती शहाण्यासारखी चालते. नांदेड रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरला मागे टाकायला पाय दाबलास की मात्र मिसिंग मारते. बरोबर तेव्हाच का? सिलिंडरमधला दाब वाढला की प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला व्होल्टेजही जास्त लागतं. बॅटरीच्या 12 व्होल्टचे हजारो व्होल्ट करणं हे कॉइलचं काम. ती कमी पडली की ठिणगी उडत नाही आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेला लागतं. तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यानं तापून खराब होतो, आणि त्याचं बिल चार कॉइलच्या बिलापेक्षा कितीतरी मोठं असतं. म्हणून मिसिंग अंगावर काढू नकोस.

आता लाल कॉइलचं. ती ऑडी आर8 साठीची. तुझ्या इंजिनात फारशी खटपट न करता बसते, म्हणून रिमॅपवाल्यांच्या तोंडी तिचंच नाव. पण तिनं पिकअप वाढतो असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नकोस. ठिणगी उडायला लागेल तेवढंच व्होल्टेज कॉइल चढवते, वरची ताकद नुसती राखीव. जिथे ठिणगी आधीच नीट पडते तिथे ती काही देत नाही. "ट्यूनमध्ये ड्वेल वाढवू, ठिणगी जोरात पडेल," असंही कुणी सुचवेल. ड्वेल म्हणजे कॉइल भरायला दिलेला वेळ. तो विनाकारण वाढवला तर कॉइल तापते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तिला वेगळं तापवायची गरजच नाही!

तेव्हा सुरुवात स्वस्तातल्या कामापासून कर. इंजिन पूर्ण थंड होऊ दे. स्कॅनर लावून कोड बघ. पी0302 आला तर दोष दोन नंबरच्या सिलिंडरचा. कॉइलचा कनेक्टर जपून सोडव, उष्णतेनं त्याचं प्लॅस्टिकचं लॉक ठिसूळ झालेलं असतं. कॉइल सरळ वर ओढ, वाकडी नको. दोनची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर बसव, कोड पुसून एक चक्कर मार. कोड पी0303 झाला तर कॉइलच गेली. दोनवरच राहिला तर प्लग काढून बघ. प्लगच्या खड्ड्यात तेल दिसलं तर आधी ती गळती. तेल नसेल तर फीलर गेजनं गॅप मोज. बूस्ट वाढवलेल्या गाडीत तो साधारण 0.6 ते 0.7 मिलिमीटरवर आणतात. इरिडियमच्या मधल्या बारीक टोकाला मात्र गेज टेकवू नकोस, मोडतं ते.

एवढं करूनही जास्त बूस्टला ठिणगी तुटत असेल तर लाल कॉइल घे, चारही एकदम, आणि पक्क्या बिलावर. नकली माल बाजारात भरपूर आहे.

आणि गॅरेजमध्ये "गाडी चालत नाही" असं मोघम सांगू नकोस. "दोन नंबर मिसिंग आहे, कॉइल बदलून पाहिली, गॅप इतका आहे," असं सांग. मग चार नको असलेली कामं तुझ्या बिलात चढवायला कुणी धजणार नाही.