धडधडीचीच धास्ती

पॅनिक अटॅकमध्ये भीती एकाएकी उसळते आणि काही मिनिटांतच कळस गाठते. छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो, श्वास पुरेनासा होतो, बोटांना मुंग्या येतात, आजूबाजूचे सारे खोटे वाटू लागते. आता प्राण जाणार किंवा वेड लागणार अशी खात्रीच पटते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत अशी 13 लक्षणे आहेत. त्यांतली किमान 4 असली की तो अटॅक मानतात. पण एखाददुसरा अटॅक म्हणजे पॅनिक डिसऑर्डर नव्हे. अटॅक अवचित, वारंवार येऊ लागले आणि पुढच्याच्या धास्तीत किंवा तो टाळण्याच्या खटपटीत महिना उलटला, तरच हे निदान होते.

एकाला हा आजार जडतो, दुसऱ्याला नाही. आनुवंशिकतेचा वाटा आहेच. मनाच्या बाजूने मात्र वजनदार घटक म्हणजे शरीरातल्या खळबळीचीच भीती. जिना चढून धाप लागली तर बहुतेक जण क्षणभर थांबतात. ही भीती असलेला माणूस नाडी मोजू लागतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये हे चक्र मांडले: साध्या संवेदनेचा भयंकर अर्थ लावला की भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि शंका खरी ठरल्यासारखी वाटते. त्यात भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मुंग्या आणि चक्कर वाढते. लहानपणी घरात दुखण्याचा फार बाऊ झालेला असणे, छळ सोसावा लागणे, धूम्रपान यांनीही धोका वाढतो.

पुढे लोकल, लिफ्ट, एकट्याने प्रवास टळू लागतो. धीरासाठी खिशात बाळगलेली गोळी कधी घ्यावीही लागत नाही, तरी ‘तिच्यामुळे वाचलो’ हा समज पक्का होतो. सोबतीला येणारे घरचेही नकळत असाच समज पक्का करतात.

छातीतले पहिले दुखणे मनावर ढकलणे धोक्याचे. ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी आधी हवी. ती नीट आल्यावर पुन्हा पुन्हा तपासण्या करत राहणे मात्र धास्तीला खतपाणी घालते. ‘काही नाही, गॅस असेल’ एवढ्यावर रुग्णाची बोळवण करणेही तितकेच चुकीचे. वर्तन-उपचारात जागच्या जागी धावून किंवा खुर्चीत गरगर फिरून तीच लक्षणे मुद्दाम आणली जातात. ती त्रासदायक असली तरी जीवघेणी नाहीत, हे रुग्णाला अनुभवाने कळते. नैराश्यावरची काही औषधेही उपयोगी पडतात, पण गुण यायला काही आठवडे लागतात. झोपेच्या-शांततेच्या गोळ्यांची सवय जडू शकते, म्हणून त्या मनाने सुरू करू नयेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.