रेल्वेसेवेतून निवृत्ती : दिवस कोणता निवडावा?

भुसावळ, मनमाड, इगतपुरी, दौंड या गावांचे दैनंदिन जीवन आगगाड्यांच्या वेळापत्रकाशी निगडित आहे. तेथील रेल्वे वसाहतींमध्ये सेवेची पंचवीस-तीस वर्षे उलटली की घरोघरी एक प्रश्न उपस्थित होतो : साठाव्या वर्षापर्यंत थांबावे, की आधीच निवृत्त व्हावे? रात्रपाळ्यांची जागरणे, उन्हापावसातील काम आणि थकत चाललेले शरीर यांमुळे हा प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही. तथापि हिशेब न मांडता घेतलेला निर्णय पुढे कुटुंबास जड जातो.

रेल्वेत निवृत्तिवेतन योजना १९५७ साली सुरू झाली. निवृत्तीचे वय १९९८ मध्ये ५८ वरून ६० करण्यात आले. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. १ जानेवारी २००४ पासून रुजू झालेल्यांसाठी निवृत्तिवेतनाची व्यवस्था वेगळी आहे. येथील विवेचन त्यापूर्वीच्या कर्मचाऱ्यांपुरते आहे.

समजा, एका तंत्रज्ञाचे वय ५५, सेवा २८ वर्षे आणि मूळ वेतन ६०,००० रुपये आहे. आज निवृत्त झाल्यास मूळ निवृत्तिवेतन त्याच्या निम्मे, म्हणजे ३०,००० रुपये होईल. साठीपर्यंत थांबल्यास, वार्षिक वेतनवाढ सुमारे तीन टक्के धरता, ते ३४,७०० रुपयांच्या आसपास जाईल. उपदान आज चौदा महिन्यांच्या वेतनाइतके, तर ३३ वर्षांनंतर साडेसोळा महिन्यांचे, म्हणजेच कमाल मर्यादेइतके होईल. परंतु खरा फरक मधल्या पाच वर्षांत पूर्ण वेतनाऐवजी निम्म्यावर घर चालविण्याचा आहे. मुलांचे शिक्षण अपुरे असेल, स्वतःचे घर नसेल, तर हा फरक तीव्रतेने जाणवतो. कारण निवृत्तीनंतर ठरावीक मुदतीत रेल्वेचे निवासस्थानही सोडावे लागते.

ऐकीव माहितीवर विसंबणे धोक्याचे आहे. स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यास पूर्वी पाच वर्षांपर्यंतची सेवा वाढवून मिळत असे. सहाव्या वेतन आयोगानंतर ती सवलत बंद झाली. जुने सहकारी मात्र आजही तिचा दाखला देतात. इंजिनचालक व गार्ड यांच्या निवृत्तिलाभांची गणना मूळ वेतनात ५५ टक्के मिळवून होते, हेही अनेकांना ठाऊक नसते. वैद्यकीय तपासणीत मूळ कामास अपात्र ठरलेल्या चालकाने घाईने नोटीस देऊ नये. त्यास पर्यायी पद देण्याची तरतूद आहे.

दिलेली नोटीस परत घ्यावयाची झाल्यास निवृत्तीच्या नियोजित दिनांकापूर्वी अर्ज करून सक्षम अधिकाऱ्याची संमती मिळवावी लागते. म्हणून नोटीस देण्यापूर्वी सेवापुस्तक तपासावे, कल्याण निरीक्षकाकडून आकडे लेखी स्वरूपात पडताळून घ्यावेत आणि ते घरातील मंडळींपुढे ठेवावेत. शरीर खरोखरच साथ देत नसेल, तर लवकर निवृत्त होण्यात कमीपणा नाही. मात्र तो निर्णय थकव्याच्या एखाद्या रात्री न होता विचारपूर्वक व्हावा.