घरगुती संगणकाची निगा व डिस्कची दुरुस्ती

पावसाळ्यात कपाटातील चामड्याच्या वस्तूंवर बुरशी चढते, हे गोमंतकात कोणास नव्याने सांगावयास नको. तीच दमट हवा संगणकाच्या आतील जोडांनाही गंज आणते. यास्तव काम नसले तरी त्या दिवसांत आठवड्यातून एकदोनदा संगणक तासभर चालू ठेवणे इष्ट होय. धूळ काढताना प्रथम वीजजोड काढावा व मऊ, कोरड्या ब्रशाने पंखा आणि जाळी साफ करावी.

खरा प्रश्न असतो तो डिस्कचा. शाळेचे निकाल, शेतजमिनीच्या कागदपत्रांच्या प्रती, लग्नकार्याची छायाचित्रे हे सारे तिच्यावर असते. संगणक नवा विकत मिळतो. ही सामग्री मिळत नाही. १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये ५० तबकड्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या घरगुती डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचक-शीर्ष तिच्यावर, केसाहून कितीतरी पटींनी कमी अंतरावर, तरंगत असते. चालू संगणक हलवू नये, तो याचसाठी.

डिस्कचे बिघाड दोन प्रकारचे. ग्रंथालयाची सूची विस्कटावी, पण ग्रंथ शाबूत असावेत, तसा पहिला; तो पुष्कळदा अकस्मात वीज गेल्याने होतो. दुसऱ्यात ग्रंथाची पानेच वाळवीने खाल्लेली असतात. विंडोज प्रणालीतील ‘चेकडिस्क’ हा कार्यक्रम सूची बऱ्याच अंशी सावरतो. खराब झालेला भाग मात्र तो केवळ वर्ज्य ठरवितो, तेथील मजकूर परत येईलच असे नाही. डिस्कच्या नावावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’, ‘टूल्स’ व ‘चेक’ या क्रमाने गेल्यास तपासणी सुरू होते.

परंतु तत्पूर्वी महत्त्वाच्या मजकुराची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. त्याच डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवलेली प्रत कामाची नाही, ही चूक जाणतेही करतात. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर दुरुस्तीचा कार्यक्रम कदापि चालवू नये. सखोल तपासणीत संपूर्ण तबकडी वाचली जाते आणि जे वाचविता आले असते तेही त्या ताणाने जाते. संगणक त्वरित बंद करून जाणकाराकडे न्यावा. घरी डिस्क उघडून पाहणे तर सर्वथा टाळावे.

नव्या संगणकांतील एस.एस.डी.मध्ये फिरती तबकडी नसते. तिचे ‘डिफ्रॅगमेंट’ करण्याची आवश्यकता नाही. त्याने लिहिण्याची मर्यादित क्षमता विनाकारण खर्ची पडते. ही डिस्क टकटक करीत नाही, एखादे दिवशी पूर्वसूचनेवाचूनही बंद पडू शकते. तेव्हा तिच्यावरील मजकुराची प्रत दर आठवड्यास घ्यावी.