हातातला रिमोट तापतो तेव्हा

फवारणीचा ड्रोन घेऊन कुणाच्याही बांधावर उभं राहिलं की प्रश्न ठरलेले. एकरी किती घेता? टाकी किती लिटरची? पडला तर भरपाई कोण देणार? माझ्या गळ्यात अडकवलेल्या रिमोटबद्दल मात्र कुणी विचारत नाही. आणि जुन्नर तालुक्यातल्या मढच्या आसपास उन्हाळ्यात काम करायचं तर सगळ्यात आधी दम सोडतो तो हा रिमोटच.

मी बचत गटाचा ड्रोन चालवते. केंद्राची नमो ड्रोन दीदी योजना 2023 च्या नोव्हेंबरात मंजूर झाली. देशभरातल्या 15,000 महिला बचत गटांना ड्रोन, किमतीच्या 80 टक्के आणि जास्तीत जास्त 8 लाख रुपये अनुदान, असं तिचं स्वरूप. प्रशिक्षण 15 दिवसांचं. त्यातले 5 दिवस उडवण्याचे, 10 दिवस खत-औषध आणि शेतीकामाचे. पंखे, नोझल, बॅटरी, औषधाचं प्रमाण, तारांपासून अंतर हे सगळं व्यवस्थित शिकवलं. उन्हाचा विषय निघाला तो फक्त बॅटरीपुरता. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, गाडीत बंद करून ठेवू नका, बस. पडदा तापतो, हे कुणी बोललं नाही.

एप्रिल संपत आला होता. पिंपळगाव जोगे धरणाच्या बाजूला एका नानांचा टोमॅटो होता, करप्याचं औषध मारायचं होतं. आम्ही लवकर पोचलो, पण पाण्याच्या टाकीला मोटर लागेना आणि त्यात वेळ गेला. सकाळपासून रिमोट माझ्या हातात, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवलेला, कारण नाहीतर उन्हात काही दिसतच नाही. साडेअकराच्या सुमाराला पडदा अंधुक झाला. मला वाटलं, घामाचा हात लागून सेटिंग बदललं असेल. मग चित्र अडखळायला लागलं. कोपऱ्यात इंग्रजीत एक पिवळी पट्टी आली, त्यातला ‘टेम्परेचर’ एवढा शब्द वाचेपर्यंत पडदा काळा झाला.

ड्रोन शेताच्या पार दुसऱ्या टोकाला होता. टाकी अर्धी भरलेली, पलीकडच्या बांधावर आंब्याचं झाड आणि त्याच्या मागून लाईटच्या तारा. नाना म्हणाले, “ताई, मोबाईल हँग झाला का?” मी स्टिक सोडून दिल्या. ड्रोन जागच्या जागी थांबला. फवारणी बटणाने बंद केली, ती झाली, म्हणजे रिमोटचा निरोप त्याच्यापर्यंत जात होता, फक्त मला पडद्यावर काही दिसत नव्हतं. मग नजर त्याच्यावर ठेवून हळूहळू मागे घेतला. ड्रोनचं तोंड आपल्याकडे असलं की डावं-उजवं उलटं होतं, म्हणून मी त्याला वळवलाच नाही. पाठ माझ्याकडे होती तशीच ठेवून सरळ मागे आणला आणि मोकळ्या ढेकळात उतरवला.

रिमोटच्या पाठीला तळहात टेकवेना. आंब्याच्या सावलीत ठेवला, थोड्या वेळाने आपोआप सुरू झाला, जणू काही झालंच नाही. विकणाऱ्याच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, “मॅडम, तो प्रोटेक्शन मोड आहे, नॉर्मल आहे.” खोटं नव्हतं ते. आतली वस्तू जळू नये म्हणून यंत्र स्वतःला बंद करतं, हे बरोबरच. पण त्या वेळी माझं यंत्र हवेत होतं, ते त्याच्या नॉर्मलमध्ये बसत नव्हतं.

त्यानंतर मी जरा हिशोब मांडला. निरभ्र दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे 1000 वॅटचं ऊन पडतं. सात इंची पडद्याचं क्षेत्रफळ साधारण 135 चौरस सेंटिमीटर. म्हणजे 13 वॅटच्या वर ऊन नुसत्या पडद्यावर, आणि काळी काच त्यातलं बरंचसं पिऊन टाकते. घरातला एलईडी बल्ब 9 वॅटचा असतो. शिवाय रिमोटची स्वतःची उष्णता वेगळीच: पडद्यामागचा दिवा, चिप, रेडिओ, बॅटरी. ऊन वाढलं की पडदा दिसेनासा होतो, आपण उजेड वाढवतो, उजेडाने तो आणखी तापतो. त्यावर कुणी पॉवर बँक लावून चालू रिमोटच चार्ज करायला घेतला, तर विचारायलाच नको.

पडद्याचं आणखी एक. एलसीडीच्या आत द्रवासारखे स्फटिक असतात, ठरावीक तापमानाच्या वर त्यांची रांग मोडते आणि पडद्यावर काळे डाग पसरतात. निवल्यावर ते जातात. कडेला काळं पसरताना दिसलं तर तो बिघाड समजून ठोकाठोक करू नका, सावली द्या. आणि डोळ्यावर पोलराइज्ड गॉगल असेल तर रिमोट तिरका धरल्यावर चांगला पडदाही काळा दिसतो. आमच्या गटातली एक मुलगी याच गॉगलपायी भर शेतात घाबरली होती. असा गॉगल ड्रोन उडवताना घालूच नये.

हा त्रास आमच्यापेक्षा मोठ्या माणसांनाही होतो. माझा एक मावसभाऊ एनसीसीच्या हवाई विभागात होता. त्यांच्याकडे पिपिस्ट्रेल व्हायरस नावाची हलकी दोन आसनी विमानं आली. अमेरिकेत अशा छोट्या विमानांचा ‘लाइट स्पोर्ट’ हा वेगळा वर्ग 2004 साली झाला, जमिनीवरून उडणाऱ्यांना सुरुवातीची वजनाची मर्यादा 600 किलो. या वर्गातल्या बहुतेक नव्या विमानांत गोल काट्यांच्या घड्याळांऐवजी एक-दोन मोठे पडदे असतात आणि अनेकांत डोक्यावर पारदर्शक टोपी. विमान उन्हात उभं राहिलं की त्या टोपीखाली भट्टी होते. जमिनीवर वारा आत शिरत नाही, पडद्यांच्या मागे तारांचं जाळं आणि कोंडलेली हवा. वैमानिक नकाशासाठी टॅबलेट मांडीवर ठेवतात, तो तर आणखी नाजूक. अ‍ॅपल आपल्या आयपॅडसाठी वापराची हवा 0 ते 35 अंश सांगते, आणि जुन्नर तालुक्यात एप्रिलच्या दुपारी 35 अंशाला कुणी ऊन म्हणत नाही. म्हणून ती मंडळी विमान उभं असताना टोपीवर पांढरं कापड घालतात, पडद्यामागे छोटा पंखा बसवतात, आणि मुख्य म्हणजे वेग, उंची आणि दिशा दाखवणारी साधी उपकरणं वेगळी ठेवतात. पडदा गेला तरी विमान खाली आणता आलं पाहिजे, एवढाच हिशोब.

आमच्याकडे साधं उपकरण म्हणजे आपले डोळे. ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा असतोच, पण प्रत्यक्षात सगळे मान खाली घालून पडदा बघत असतात. मी आता शेताच्या कडेला जागा अशी निवडते की दुसरं टोक स्पष्ट दिसेल, आणि सूर्य पाठीशी राहील. लांब वावर असेल तर दोन तुकड्यांत करते. पडदा झाकून, टाकीत नुसतं पाणी घालून, कमी उंचीवर ड्रोन मागे आणण्याचा सराव मोकळ्या माळावर करा. पहिल्यांदा हात कापतात.

रिमोट पूर्ण बंद पडला तर आपला ड्रोन काय करतो, हे विकत घेतानाच विचारा आणि पुस्तिकेत वाचून खात्री करा. काही रिमोटमध्ये पडदा गेला तरी स्टिक चालतात, काहींत सगळंच थांबतं. संपर्क तुटल्यावर ड्रोन जागेवर थांबणार की उडालेल्या जागी परत येणार, हे सेटिंग आपण ठरवायचं असतं. परत येण्याची उंची आजूबाजूच्या झाडांपेक्षा आणि तारांपेक्षा जास्त हवी. प्रत्येक नव्या शेतात ती नव्याने बघावी लागते. नानांच्या शेतात रिमोट पुरता गेला असता आणि ही उंची कमी असती, तर ड्रोन त्या आंब्यातच गेला असता.

बाकी उपाय घरगुती. माझा भाचा छत्री धरून शेजारी उभा राहतो. लोक हसतात, महाराणीची स्वारी आली म्हणतात, म्हणू देत. छत्री फिकट रंगाची घ्यावी. रिमोटला जाड रबरी कव्हर घालू नका, त्यात उष्णता कोंडते. मागच्या जाळीत आपली धूळ आणि औषधाचे थेंब मिळून लगदा होतो, तो रोज मऊ ब्रशने काढावा, नाहीतर आतला पंखा नुसता आवाज करतो. टाकी भरताना रिमोट गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्यावर ठेवू नका. आणि तापलेला रिमोट बर्फावर किंवा थंड पाण्याच्या बाटलीला चिकटवून गार करायचा मोह टाळा. एकदम गार झाला की आत दव धरतं, ते उष्णतेपेक्षा वाईट. सावली आणि वाऱ्याची झुळूक पुरते.

वेळेचं काय, तर सगळे सांगतात पहाटे लवकर फवारा. सांगणाऱ्याचं काय जातं! आमचा तालुका बिबट्यामुळे दिवसाची वीज मागणारा तालुका आहे. अंधारात उसाच्या कडेने सामान घेऊन कोण जाणार? दुपारनंतर माळशेज घाटाकडून वारा सुटतो, त्यात औषध शेजाऱ्याच्या कांद्यावर जातं. भर उन्हात थेंब पानावर पोचायच्या आधीच आटतात. हाती राहतो तो चांगलं उजाडल्यापासूनचा सकाळचा वेळ, तेवढाच. यंत्राच्या मर्यादेने मला पिकाचीही योग्य वेळ पाळायला लावली, हे खरं.

ड्रोन घेणाऱ्या गटांना एवढंच सांगते. विकणारा प्रात्यक्षिक दाखवायला येईल तेव्हा त्याला सकाळी नऊला बोलावू नका. एप्रिलमध्ये, दुपारी बाराला, तुमच्या बांधावर बोलवा, आणि रिमोट अर्धा तास उन्हात चालू ठेवायला सांगा. किती अंशांपर्यंत चालतो ते बिलावर लिहून घ्या. माझ्याकडे नोंदणी करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, एप्रिल-मे महिन्यात शेवटचं उड्डाण साडेदहाला. त्यानंतर फोन केलात तर दुसऱ्या दिवसाची वेळ मिळेल.