लांब पल्ल्याची सायकल : निवड आणि सिद्धता

प्रस्तावना

सायकल आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. कामावर जाणे, दूध पोहोचवणे, बाजारहाट करणे अशा नित्याच्या कामांसाठी ती वापरली जाते. परंतु कपडे, पांघरूण, पाणी आणि हत्यारे सायकलवरच बांधून अनेक दिवसांचा प्रवास करणारी माणसेही आहेत. अशा प्रवासाला आता ‘बाइकपॅकिंग’ असे म्हणतात.

शब्द नवा असला, तरी कल्पना जुनी आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा तरुण सायकलींवरून जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास पूर्ण करून १८ मार्च १९२८ रोजी परतले. २०१८ साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या तरुणीने १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली. एवढा मोठा पल्ला प्रत्येकाला गाठायचा नसतो. मात्र शंभर किलोमीटर जायचे असो वा हजार, सायकल कशी निवडावी आणि कशी सज्ज करावी, याचे ज्ञान दोन्ही वेळा सारखेच उपयोगी पडते.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• मार्ग पाहून सायकलची निवड करता येईल;
• सायकल स्वतःच्या मापाची करून घेता येईल;
• गिअर, टायर व सामान यांविषयीचे निर्णय कारणांसह सांगता येतील;
• सूचनापर लेखनातील क्रियापदांची रूपे ओळखता येतील.

मूळ पाठ

१. आधी वाट, मग सायकल

लखनौच्या पूर्वेस चिनहट हा भाग आहे. झिलईदार मातीच्या भांड्यांसाठी तो ओळखला जातो. येथून अयोध्येकडे जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग २७ चा भाग आहे. समजा, चिनहटला राहणाऱ्या एका मराठी भाषक कामगाराच्या मनात दोन प्रवास आहेत. पहिला अयोध्येपर्यंतचा, सुमारे सव्वाशे किलोमीटरचा. दुसरा झाशी व इंदूरवरून धुळ्याजवळच्या आपल्या गावापर्यंतचा, सुमारे हजार किलोमीटरचा. त्याच्याजवळ एक जुनी, साधी, बिनगिअरची सायकल आहे आणि थोडी शिल्लक आहे. ही शिल्लक त्याने नव्या सायकलवर खर्च करावी काय?

या प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळत नाही. ते वाटेत मिळते. अयोध्येची वाट गंगेच्या मैदानातून जाते. ती जवळजवळ सपाट आहे. गावाकडच्या वाटेवर मात्र चढउतार आहेत आणि महाराष्ट्राच्या सीमेलगत सेंधव्याजवळचा बिजासन घाट आहे. म्हणून दोन प्रवासांच्या गरजा वेगळ्या ठरतात. सायकलची किंमत किंवा चकाकी पाहण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात : ती आपल्या मापाची आहे काय, वाटेला साजेशी आहे काय आणि वाटेत दुरुस्त होऊ शकेल काय?

२. मापाची सायकल

दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून दहा पावले चालता येते. दहा कोस नाही. सायकलचेही तसेच आहे. सायकलची आडवी दांडी दोन पायांमध्ये घेऊन जमिनीवर उभे राहावे. दांडी आणि शरीर यांत दोन ते पाच सेंटिमीटर अंतर असावे. ते नसेल, तर सांगाडा मोठा आहे असे समजावे.

त्यानंतर सीटची उंची ठरवावी. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहावे आणि जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. त्या अंतराला ०.८८ ने गुणावे. हे अंतर ८० सेंटिमीटर असेल, तर पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची सुमारे ७० सेंटिमीटर येते. मोजपट्टी नसल्यास सीटवर बसून पेडल सर्वांत खाली आणावे व त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला, तर उंची योग्य आहे. चालवताना पेडलवर टाच नव्हे, तर चवडा असतो. त्यामुळे गुडघा किंचित वाकलेला राहतो आणि तसाच तो राहावयास हवा.

सीट फार खाली असेल, तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूस वेदना होतात. फार वर असेल, तर मागच्या बाजूस. दिवसभरात पाय हजारो वेळा फिरतो. दोन सेंटिमीटरची चूक सकाळी जाणवत नाही, पण तिसऱ्या दिवशी प्रवास थांबवू शकते.

३. गिअरचे गणित

पुढच्या दंतचक्राच्या दातांना मागच्या चक्राच्या दातांनी भागले, की पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरते ते कळते. पुढे ४४ व मागे १८ दाते असतील, तर हे प्रमाण २.४४ येते. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर धरल्यास एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे सोयीचे आहे. मात्र सामान लादून घाट चढताना एवढा जोर देणे गुडघ्यांना झेपत नाही. पुढे ३२ व मागे ३४ दाते असतील, तर एका फेऱ्यात सायकल जेमतेम दोन मीटर जाते. वेग घटतो, पण स्वार उतरत नाही. म्हणून घाटाच्या वाटेवर सर्वांत हलक्या गिअरचे प्रमाण १ च्या आसपास किंवा त्याहून कमी असावे.

चढ असेल तेथे उतारही असतो. जुन्या सायकलींच्या चकचकीत लोखंडी रिमवर पावसात ब्रेकचे रबर नीट धरत नाही. सामानाच्या वजनाने थांबण्याचे अंतर आणखी वाढते. त्यामुळे घाटाच्या प्रवासासाठी दोन्ही चाकांचे ब्रेक भरवशाचे असल्याशिवाय निघू नये.

४. चाके, टायर आणि दुरुस्ती

सामानाचा बहुतेक भार मागच्या चाकावर येतो. त्यामुळे मागच्या चाकाचे आरे एकेक करून तपासावेत. सैल आरे कसून घ्यावेत. रुंद टायर खड्ड्यांचे धक्के सोसते. डांबरी व कच्चा असा मिश्र रस्ता असेल, तर सुमारे ४० मिलिमीटर रुंदीचे टायर सोयीचे पडते.

टायरच्या कडेला ‘४०-६२२’ असे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा रुंदीचा, तर दुसरा टायर रिमवर जेथे बसते तेथील व्यासाचा, मिलिमीटरमध्ये असतो. हे आकडे आपल्या वहीत लिहून ठेवावेत. साध्या सायकलचे २८ इंची टायर ६३५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि ते खेड्यातील दुकानातही मिळते. अनेक नव्या सायकलींचे टायर ६२२ मिलिमीटरचे असते. दोन्ही दिसायला सारखी, पण एकाच्या रिमवर दुसरे बसत नाही. ज्याची सायकल नवी आहे, त्याने लांबच्या प्रवासात घडी घालता येणारे एक जादा टायर सोबत ठेवावे. बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हला गावातील पंप लागत नाही. त्यासाठी लहानसा पितळी अडॅप्टर जवळ असावा.

सांगाड्याच्या बाबतीतही हाच विचार करावा. पोलादी सांगाडा जड असतो, पण तडकला तर तालुक्याच्या गावचा वेल्डरही तो तात्पुरता जोडू शकतो. ॲल्युमिनियमचा सांगाडा हलका असतो. मात्र त्याची जोडणी सर्वत्र होत नाही.

जवळ ठेवण्याच्या वस्तू मोजक्याच आहेत : दोन ट्यूब, पंक्चरचे साहित्य, टायर काढण्याच्या पट्ट्या, पंप, पाने, एलन की, चेन जोडण्याचे हत्यार, ब्रेकची एक तार आणि चार आरे. ही हत्यारे वापरता येत नसतील, तर ती केवळ ओझे ठरतात. निघण्यापूर्वी घरी एकदा तरी ट्यूब स्वतः बदलून पाहावी.

५. सामानाची मांडणी

बाइकपॅकिंगमध्ये सामान तीन ठिकाणी बांधतात. हत्यारे, पाणी व अन्न या जड वस्तू सांगाड्याच्या त्रिकोणात, पांघरुणासारख्या हलक्या, पण जागा व्यापणाऱ्या वस्तू हँडलपुढे, कपडे सीटमागे. जड वस्तू जितकी खाली व मध्याजवळ, तितकी सायकल स्थिर. कॅरिअर असेल, तर दोन्ही बाजूंना समान वजनाच्या पिशव्या लावाव्यात. महागड्या पिशव्या नसल्या, तरी जाड प्लास्टिकच्या आत कपडे ठेवून शिवलेल्या कॅनव्हासच्या पिशव्या चांगले काम देतात. लोंबणारा एकही पट्टा ठेवू नये. तो आऱ्यांत अडकला, तर चाक जागीच थांबते.

६. ऋतू आणि रस्ता

चिनहटचे नाव इतिहासात ३० जून १८५७ च्या लढाईमुळे नोंदलेले आहे. त्या दिवशी हेन्री लॉरेन्सच्या इंग्रजी फौजेचा येथे पराभव झाला. जूनचे ऊन आणि तहान यांनी त्या फौजेला आधीच व्याकूळ केले होते. उत्तरेच्या उन्हाळ्यात दुपारी प्रवास करू नये, हा धडा आजही लागू आहे. पाणी संपण्यापूर्वी भरून घ्यावे.

डिसेंबर-जानेवारीत या प्रदेशात दाट धुके पडते. धुके निवळल्याशिवाय महामार्गावर येऊ नये. मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा, परावर्तक आणि हेल्मेट यांत काटकसर करू नये. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासारख्या रस्त्यांवर सायकलला परवानगी नाही. तेथे जुना मार्ग धरावा.

७. निर्णय

आता त्या कामगाराच्या प्रश्नाकडे वळू. अयोध्येसाठी त्याला नवी सायकल नको. जुन्या सायकलची सीट मापात आणावी, आरे कसावेत, ब्रेकचे रबर व जीर्ण टायर बदलावेत आणि वाटेत एक मुक्काम धरून निघावे. गावाच्या प्रवासासाठी मात्र हलके गिअर आणि भरवशाचे ब्रेक असलेली सायकल हवी; तेथे शिल्लक खर्च करणे योग्य होय. परंतु पहिला प्रवास केल्याशिवाय दुसऱ्यासाठी खरेदी करू नये. सीट किती टोचते, किती पाणी लागते, कोणते सामान उगाच नेले, हे त्या दोन दिवसांतच समजते. सायकल कोणतीही असो, पूर्ण सामान बांधून तीस-चाळीस किलोमीटर चालवून पाहावी आणि मगच मोठ्या वाटेला लागावे.

शब्दार्थ

सिद्धता – तयारी. झिलईदार – चकचकीत लेप दिलेले. आरे – चाकाच्या तारा, स्पोक. दंतचक्र – दाते असलेले चाक. परीघ – वर्तुळाच्या कडेची लांबी. परावर्तक – प्रकाश परत फेकणारी पट्टी किंवा काच. जीर्ण – झिजलेले.

भाषाभ्यास

‘उंची ठरवावी’, ‘आरे तपासावेत’, ‘मार्ग धरावा’ या वाक्यांत क्रियापदांची विध्यर्थी रूपे आली आहेत. कर्तव्य किंवा सूचना सांगण्यासाठी ती वापरतात. येथे रूप कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते.

पाठगत प्रश्न

१. गुडघ्याच्या पुढच्या बाजूस वेदना होत असतील, तर सीट कशी असावी?
२. पुढे ३६ व मागे ३६ दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती मीटर जाईल? (परीघ २.२ मीटर)
३. टायरवरील ‘६२२’ हा आकडा काय दर्शवतो?

स्वाध्याय

१. तुमच्या घरातील किंवा शेजारची सायकल पाहून तिच्या टायरवरील आकडे आणि दंतचक्रांचे दाते नोंदवा. ती कोणत्या मार्गाला योग्य आहे, ते पाच-सहा ओळींत लिहा.
२. पाठातून विध्यर्थी क्रियापदे असलेली पाच वाक्ये निवडा.
३. सायकलने पहिल्यांदाच दूरच्या गावी निघालेल्या धाकट्या भावंडाला सूचना देणारे पत्र लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. आहे त्यापेक्षा थोडी वर. २. २.२ मीटर. ३. टायर रिमवर बसते तेथील व्यास, मिलिमीटरमध्ये.