पुढचा चेंडू : मुलांचा संघ घडविणाऱ्यांसाठी एक पाठ

शास्त्रभाग : फिलिप्पैकरांस पत्र ३:१३-१४, करिंथकरांस पहिले पत्र १२:१४-२६

आपल्याकडे गल्लोगल्ली क्रिकेट चालते, तसा अमेरिकेत मुलांचा बेसबॉल चालतो. १९३९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट येथे कार्ल स्टॉट्झ या गृहस्थाने लहान मुलांसाठी ‘लिटल लीग’ सुरू केली. आरंभी संघ होते अवघे तीन. स्टॉट्झने मैदानच मुलांच्या मापाचे केले. मोठ्यांच्या खेळात एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत ९० फूट धावावे लागते. मुलांसाठी ते अंतर ६० फूट ठेवले.

मैदान लहान करणे सोपे. पण कडेला उभ्या असलेल्या मोठ्या माणसाच्या अपेक्षा लहान होणे कठीण. हातातून चेंडू सुटला की मूल हळूच शिक्षकाच्या तोंडाकडे पाहते. तेथे त्याला काय दिसते, यावर ते पुन्हा खेळावयास येईल की नाही, हे पुष्कळदा ठरते. शब्बाथशाळेत वचन विसरलेले मूलही असेच आपल्याकडे पाहते. म्हणून मुलांचा संघ हाताळताना वृत्ती, एकाग्रता व सहकार्य या तीन गोष्टी कशा शिकवाव्या, हे आपण बेसबॉलच्या उदाहरणाने पाहू.

१. वृत्ती

बेसबॉलमध्ये दहा वेळा फलंदाजीचा हिशेब धरला आणि त्यांत तीन वेळा यशस्वी फटका बसला, तर तो व्यावसायिक खेळाडू उत्तम गणला जातो. म्हणजे सात वेळा तो रिकाम्या हातांनी परततो! शिवाय मोठ्या सामन्यांच्या धावफलकावर धावा, फटके आणि चुका असे तीन रकाने असतात. चूक झाकता येत नाही; ती पदरात घेऊनच पुढचा चेंडू खेळावा लागतो. ही गोष्ट मुलांना सामन्यापूर्वीच सांगून ठेवावी. चूक होणारच हे ज्याला ठाऊक आहे, त्याची चूक झाल्यावर खचण्याची भीती कमी.

सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड स्मिथ व फ्रँक स्मोल यांनी १९७० नंतरच्या दशकात लिटल लीगच्या शिक्षकांचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यावरून एक लहानसे प्रशिक्षण तयार केले. त्याचे सार असे : चांगल्या खेळाइतकेच प्रयत्नालाही शाबासकी द्या, चूक झाली की लगेच धीर द्या, मग काय सुधारावे ते सांगा, चुकीबद्दल शिक्षा करू नका. १९९२ साली त्यांच्या सहकाऱ्यांसह प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले, की प्रशिक्षण न घेतलेल्या शिक्षकांच्या संघांतील २६ टक्के मुले पुढील हंगामात परतली नाहीत; प्रशिक्षित शिक्षकांच्या संघांत हे प्रमाण केवळ ५ टक्के होते. जिंकण्या-हरण्यात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. मुले टिकली ती विजयामुळे नव्हे, शिक्षकाच्या वागणुकीमुळे.

फिलिप्पैकरांना लिहिताना पौलाने धावणाऱ्याची उपमा योजिली आहे. मागे वळून पाहत राहणाऱ्याचे पाऊल पुढे पडत नाही, हे शर्यत पाहिलेल्या प्रत्येकाला समजते.

२. एकाग्रता

दहा वर्षांच्या मुलाला “सारा वेळ लक्ष दे” असे सांगणे व्यर्थ आहे. लिटल लीगचा सामना सहा डावांचा असतो. एवढा वेळ मोठ्यांचेही चित्त ठिकाणावर राहत नाही. म्हणून जाणते शिक्षक लक्षाचे लहान तुकडे करून देतात. दोन चेंडूंच्या मध्ये मुलाने मोकळा श्वास घ्यावा. पिचर फेकीच्या तयारीत आला, की गुडघे किंचित वाकवावे, हात पुढे घ्यावे आणि मनाशी एकच प्रश्न विचारावा : “चेंडू माझ्याकडे आला तर मी तो कोठे फेकीन?” तो चेंडू झाला की पुन्हा मोकळे. पुढच्या चेंडूला पुन्हा नवी सुरुवात.

येथे शिक्षकानेही पथ्य पाळावे. फलंदाज उभा असता कडेवरून पाच सूचना ओरडल्या, तर त्याचे लक्ष चेंडूवर राहत नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगावी, आणि तीही आधी.

३. सहकार्य

बेसबॉलमध्ये ‘सॅक्रिफाइस’ म्हणजे स्वार्पणाचा एक फटका आहे. बेसवरील सोबत्याला पुढे सरकता यावे म्हणून फलंदाज चेंडू हलकेच जवळ टेकवतो आणि बहुधा स्वतः बाद होतो. अशा वेळी नियम त्याच्या बाजूने उभा राहतो : ती खेळी त्याच्या फलंदाजीच्या सरासरीत धरली जात नाही.

दुसरे उदाहरण उजव्या बाजूच्या दूरच्या क्षेत्ररक्षकाचे. मुलांच्या संघात कच्च्या खेळाडूला पुष्कळदा तेथेच उभे करतात, कारण तिकडे चेंडू क्वचित जातो. परंतु पहिल्या बेसकडे फेक होते तेव्हा त्याने धावत त्या बेसच्या मागे यावयाचे असते. दहांपैकी नऊ वेळा फेक नीट झेलली जाते आणि त्याची धाव कोणाच्या ध्यानातही येत नाही. दहाव्या वेळी तोच संघाला वाचवितो. शिक्षकाने त्या नऊ धावांचे नाव घेऊन कौतुक करावे. शरीराचा जो अवयव दुबळा दिसतो तोही आवश्यक आहे, ही करिंथकरांस लिहिलेली गोष्ट मुलांना यापेक्षा सोपी करून सांगता येईल काय?

शिक्षकाची कसोटी

लिटल लीगच्या नियमित हंगामात प्रत्येक मुलाला ठराविक वेळ क्षेत्ररक्षण व किमान एकदा फलंदाजी दिलीच पाहिजे, असा नियम आहे. तसेच २००७ पासून पिचरने एका दिवसात किती चेंडू टाकावेत यावर मर्यादा आहे. ११-१२ वर्षांच्या मुलासाठी ती ८५ आहे. सामना अटीतटीचा असला तरी मर्यादा पुरी झालेल्या मुलाला पिचरच्या जागेवरून काढावेच लागते. मुलाचा खांदा व कोपर विजयापेक्षा मोलाचे आहेत. आम्हांस वाटते, की ज्याच्या हाती मुले सोपविली आहेत, मग तो खेळाचा शिक्षक असो की शब्बाथशाळेचा, त्याने हा नियम मनावर कोरून ठेवावा.

विचारासाठी प्रश्न

१. मूल चुकते तेव्हा आपला पहिला शब्द कोणता असतो?
२. आपल्या वर्गात ‘उजव्या कोपऱ्यात’ उभे केलेले मूल कोणते? या महिन्यात त्याला कोणते खरे काम देता येईल?
३. गेल्या वर्षी आपल्या वर्गातून कोणती मुले गेली? त्यांच्या घरी या आठवड्यात कोण जाईल?